मंजुळाचं अबोलीचं बी

अबोलीचं बी धरायचं तर घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही चालत नाही. तुरा हिरवा असताना तोडला तर आतलं बी कच्चं निघतं. झाडावरच पार वाळू दिला आणि अवेळी एखादी सर आली, तर बोंडं फटाफट फुटतात आणि बी उडून कुठल्या गटारात पडेल याचा नेम नाही. मधला आठवडा तेवढा आपला. तो आठवडा ओळखायला मंजुळाला कुणी शिकवलं नव्हतं. आई शिकवायची म्हणजे काय करायची, तर पोरीच्या हातावर चापटी मारायची आणि म्हणायची, "आज नको, परवा."

ही आई कल्याण स्टेशनच्या पुलाखाली टोपली घेऊन वेण्या विकायची. विठ्ठलवाडीला रेल्वेच्या भिंतीलगत जी हातभर मोकळी पट्टी होती, तिच्यात तिने अबोली लावलेली आणि त्या पट्टीवर चार पोरं वाढवलेली. ती गेली तेव्हा भावांनी भांडी घेतली, खोली घेतली. मंजुळाने दोन झाडं मुळासकट उपटून घेतली आणि काडेपेटीभर बी घेतलं. भाऊ हसले. त्याला आता चौतीस वर्षं झाली. भाऊ कुठे, भांडी कुठे, पण अबोली मंजुळाच्या दारात होतीच.

झाड तसं बारमाही, चार-पाच वर्षं सहज जगणारं. मग दरवर्षी नव्याने पेरायची हौस कसली, असं शेजारणी विचारायच्या. त्यांना काय कळणार. चाळीच्या दारातल्या कुंडीला कधी बकरी लागते, कधी रंगकामवाले चुन्याची बादली ओततात, कधी मुळाला कीड. झाडाच्या भरवशावर राहायचं नाही, बी हातात पाहिजे, आणि बी पण ताजं, कारण दोन वर्षांपूर्वीचं अबोलीचं बी मातीत जाऊन नुसतं झोपतं. म्हणून दर चैत्रात बी धरायचं आणि दर जूनला पेरायचं. महिनाभर ट्रेमध्ये काहीच दिसत नाही. लोक तेवढ्यात कंटाळून माती फेकून देतात. मंजुळा कंटाळायची नाही.

याच गुणावर तिला नोकरी लागली. कल्याण-शीळ रस्त्यावर कमलेशशेठची नर्सरी आहे. तिथे बावीस वर्षं तिने सदाफुली, गोकर्ण, जरबेरा, कर्दळ, जे जे बियांवरून होतं ते केलं. कर्दळीचं बी दगडासारखं कडक, ते फरशीवर घासून मग भिजत घालायचं. जरबेऱ्याचं शेपटीवालं बी उभं खोचायचं. कमलेशशेठ नवीन बायकांना म्हणायचा, मंजुळाच्या हाताखाली राहा आणि तोंड बंद ठेवा. नवीन बायकांना मंजुळा एकच नियम सांगायची: डबी कधी रिकामी करायची नाही. कितीही मोह झाला तरी शेवटची चिमूट पेरायची नाही. रोपं मेली तर ती चिमूटच आपली.

हा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला, तो गेल्या ऑगस्टमध्ये. जूनला पेरलेली निम्मी रोपं पावसाने कुजली. पोटात तेव्हा दुखायला लागलंच होतं. गॅस असेल म्हणून ती ओवा खात होती आणि मनातून घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला डोळ्यांसमोर हिरवं काहीतरी लागतं. तिने डबी उलटी केली. चार कुंड्या चांगल्या भरल्या, आणि डबीत बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागलं नाही.

आणि त्या चार कुंड्यांवर धरायचं बी या वर्षी नुसतं स्वतःसाठी नव्हतं. तिची मुलगी मेघना बदलापूरला राहते. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून दमली पोरगी. तिला आणि जावयाला या मार्चमध्ये स्वतःचं घर मिळालं, तळमजल्याचं, पुढे मातीचा तुकडा असलेलं. मंजुळाच्या घराण्यात स्वतःच्या मालकीची माती कुणाला मिळालेली नव्हती. आईची पट्टी रेल्वेची, मंजुळाच्या कुंड्या चाळीच्या. मेघनाने घराचा कागद झाल्या झाल्या फोन केला आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, तर "आई, जूनला आजीची अबोली लावायची. बी सांभाळून ठेव." मंजुळाने शब्द दिला. त्या शब्दावर ती तीन आठवडे चांगली जेवली.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये तिचं ऑपरेशन झालं होतं. सव्वीस दिवस हॉस्पिटलात. पोटात गाठ होती, साधी होती, काढून टाकली, असं राकेशने सांगितलं. राकेश हा तिचा मुलगा, ठाण्याला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला असतो. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि राकेशच्या कपाटात होता. घरी आली तेव्हा रिक्षातून उतरताना तिने आधी दाराकडे पाहिलं. चारही कुंड्या हिरव्यागार. फांद्या छाटलेल्या, नवी पालवी फुटलेली.

"बघ आई, तुझी झाडं कशी ठेवलीत," राकेश म्हणाला.

ज्या मुलाने उभ्या जन्मात कधी तांब्याभर पाणी झाडाला घातलं नव्हतं, त्याने आपल्यामागे झाडं जगवली, म्हणून मंजुळा तिथेच रडली. रडण्याच्या भरात तिने झाडं नीट पाहिली नाहीत. नंतरही पाहिली नाहीत. नर्सरीत नुसत्या पानावरून जात ओळखणारी ही बाई, आणि स्वतःच्या दारातलं फूल जरा मोठं दिसतंय, रंग जरा जास्तच भडक दिसतोय, पान चकाकतंय, हे सगळं दिसून तिने खताच्या नावावर टाकलं. राकेशने खत घातलं असेल, सढळ हाताने घातलं असेल. डोळ्यांना गोळ्यांमुळे कमी दिसतंय. एवढी कारणं माणूस स्वतःला उगाच देत नाही.

चैत्र आला. तिने खालचे तुरे न तोडता राखले होते. ते वाळले, पिवळे झाले, तिने तो मधला आठवडा बरोबर साधला आणि तुरे सावलीत पसरले. मग एका दुपारी घरात कुणी नसताना परात घेतली, परातीत वाळलेले तुरे ठेवले आणि हाताने पाणी शिंपडलं. वर पातळ फडकं धरलं, बी उडून जाऊ नये म्हणून. आता तव्यावर जिरं तडतडावं तसा आवाज यायचा. लहानपणी या आवाजाला ती आणि तिचे भाऊ कान लावून बसायचे.

आवाज आला नाही.

पाणी कमी पडलं असेल म्हणून तिने पुन्हा शिंपडलं. फडकं धरून ती दहा मिनिटं बसली. मग फडकं काढून एक तुरा उचलला आणि नखाने एकेक पापुद्रा सोलला. आत काही नव्हतं. दुसरा सोलला, तिसरा सोलला. परातभर तुरे सोलून झाले तेव्हा तिच्या मांडीवर नुसता भुसा होता.

चष्मा लावून ती दारात गेली, खाली बसली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा झाडाचं पान उलटं करून पाहिलं. नर्सरीत गिऱ्हाइकांना तिने हे हजारदा सांगितलेलं: ताई, ही दिल्ली अबोली. फूल मोठं, रंग छान, बारा महिने फुलेल. पण हिला बी धरत नाही, हिची फांदीच लावावी लागते. आता तीच दिल्ली अबोली चार कुंड्यांत डोलत होती आणि मंजुळाला गिऱ्हाईक कोण आणि विकणारी कोण ते कळेना.

म्हणजे आपली झाडं मेली. कधीच मेली. आणि कुणीतरी बाजारातून तशीच दिसणारी आणून लावली.

तिला राग यायला हवा होता. पण आधी आली ती घाई. रागाला नंतर वेळ आहे, बी आधी. कुणाकडे असेल? आठ-नऊ वर्षांपूर्वी तिने शीलाला दोन रोपं दिली होती. शीला नर्सरीत तिच्याबरोबर होती, आंबिवलीला राहते, घरापुढे अंगण आहे. शीला म्हणजे तिखट जीभ. बावीस वर्षांत तिने मंजुळाला एकदाही सरळ हाक मारली नाही, "ए म्हातारे" म्हणायची, तेही मंजुळा चाळिशीची असल्यापासून. पण झाडाला जपायची.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेल्यावर मंजुळा निघाली. समृद्धी डोंबिवलीला एका दातांच्या दवाखान्यात बसते, संध्याकाळशिवाय येत नाही. रिक्षा शहाडच्या पुलावरून जाईपर्यंतच मंजुळाच्या कपाळाला घाम फुटला. पोट धरून ती बसली आणि रिक्षावाल्याला हळू चालव म्हणाली.

शीलाने दार उघडलं. मंजुळाला पाहिलं. आणि तिचा चेहरा असा काही मऊ झाला की मंजुळाला वाटलं आपण चुकीच्या घरी आलो.

"मंजुळाताई," शीला म्हणाली. "तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? मला सांगायचं, मी आले असते. बसा. पंख्याखाली बसा. सरबत करू की चहा? पाठीला उशी देते, थांबा."

ताई, तुम्ही, उशी. मंजुळाला भीती वाटली. ऑपरेशन थिएटरात नेताना वाटली नव्हती एवढी वाटली.

"शीले, अबोली हवीय," ती म्हणाली. "तुला दिलेली ना मी, आमच्यातली. तिचं बी दे, नाहीतर झाडच दे एक."

"अहो, ती कुठे आता. अंगणात लादी बसवली ना आम्ही. दोन मोठी झाडं होती, कमरेएवढी. उपटून टाकली. मला वाटलं, तुमच्याकडे आहेतच की."

"कधी बसवली लादी?"

"फेब्रुवारीत."

मंजुळाने दाराबाहेर पाहिलं. पांढऱ्या ठिपक्यांची लादी होती, स्वच्छ पुसलेली. फेब्रुवारी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी. नोव्हेंबरमध्ये कुणी खरं सांगितलं असतं, जानेवारीत जरी सांगितलं असतं, तरी ती रिक्षा करून इथेच आली असती आणि दोन झाडांपैकी एक उचलून नेलं असतं. झाडं तेव्हा इथे उभी होती. फुलत होती. बी धरत होती.

"तुम्ही असा त्रास नका करून घेऊ," शीला म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. दोन अबोलीच्या झाडांसाठी शीला रडणारी नव्हती.

परतीच्या रिक्षात मंजुळाला नवरा आठवला. धम्मपालला लिव्हरचा कॅन्सर होता आणि मंजुळाने त्याला साडेचार महिने अल्सर सांगितला. डॉक्टरने दाराबाहेर बोलावून सांगितलं, तिने आणि राकेशने तिथेच ठरवलं, घरी कुणी बोलायचं नाही. सगळेच असं करतात. रोग्याला सांगितलं की तो खचतो म्हणतात. मग सगळं घर रोग्याशी गोड बोलायला लागतं. धम्मपालला त्या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. "यंदाच जाऊ की," तो दोनदा म्हणाला होता. "बरे झालात की पुढच्या वर्षी जाऊ," असं मंजुळानेच त्याला हसून सांगितलं. किती छान हसली होती ती. माणूस नागपूर न बघता गेला, आणि ती लोकांना सांगत राहिली की शेवटपर्यंत त्यांना काही कळू दिलं नाही हो. जसं काही मोठं पुण्य केलं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, त्याला कळलं असणार. कळून गप्प बसला असणार. तिची लाज राखली असणार त्याने.

राकेश सातच्या सुमाराला आला. समृद्धी भाकऱ्या करत होती. मंजुळाने त्याला हातपाय धुऊ दिले, पाणी पिऊ दिलं, मग विचारलं.

"झाडं कुठून आणलीस?"

"कुठली?"

"दारातली."

राकेशने समृद्धीकडे पाहिलं. समृद्धीने भाकरीकडे पाहिलं.

"ती मेली गं आई," तो म्हणाला. "मी रोज पाणी घातलेलं, शपथ. सकाळी घालायचो, संध्याकाळी घालायचो. तू तिकडे आयसीयूत, मला काय करू कळायचंच नाही, मग कुंड्यांना पाणी घालत बसायचो. एक दिवस बघतो तर सगळी पानं काळी. मग कमलेशशेठकडे गेलेलो. त्यांनीच तशी दिसणारी निवडून दिली, छाटून पण दिली."

पाण्यानेच मारली तर. कुजली मुळं. मुलाचं दुःख त्याच्या हातून पाणी होऊन कुंडीत गेलं आणि झाडं बुडाली. यावर रागवायचं तरी कसं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुला त्रास झाला असता."

"बरं," मंजुळा म्हणाली. "आणि डॉक्टरने काय सांगितलं?"

राकेशने हातातला तांब्या खाली ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तसा समृद्धीने गॅस बंद केला.

"मी तुझ्या बापाशी हेच केलंय, राकेश. मला सगळं येतं यातलं. शीला आज मला तुम्ही म्हणाली. किती दिवस?"

"दिवाळी बोलले," राकेश म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. "नक्की नाही सांगता येत बोलले. पण दिवाळी."

दिवाळी हा शब्द ऐकून मंजुळाच्या डोळ्यांपुढे काही अंधारी आली नाही. मनात आली ती अबोलीच. चैत्रात बी, जूनला पेरणी, जुलैत कोंब, दिवाळीच्या आगेमागे पहिला तुरा. बी असतं तर बदलापूरला मातीत लावलेलं पहिलं फूल कदाचित दिसलं असतं. कदाचित. आता तेही नाही, आणि ते कुणा देवाने नेलं नव्हतं की रोगाने नेलं नव्हतं. ते मायेने नेलं होतं. राकेशची माया, कमलेशशेठची माया, शीलाचा पदर. तिला सगळ्यांचा संताप आला.

"मला पाच महिने तुम्ही खेळण्यासारखं वागवलं," ती म्हणाली. "पाच महिने मी त्या खोट्या झाडांना पाणी घातलं. शीलाकडे झाडं होती रे, फेब्रुवारीपर्यंत होती. एक शब्द बोलला असतास तर आईची अबोली वाचली असती. माझ्या पोटाचं तुम्ही काही करू शकत नव्हता, पण तेवढं मी करू शकत होते."

राकेश रडत होता. पस्तिशीचा माणूस, गुडघ्यात डोकं घालून. समृद्धी त्याच्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मेघनाताईंना नका सांगू आत्ता. नवीन घर झालंय त्यांचं. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नाहीये, तुमच्या तब्येतीचं पण नाही. झाडाचं काय, हे जाऊन तीच दिल्लीवाली लावून देतील. त्यांना नाही कळणार फरक."

"एक अक्षर बोलू नकोस," मंजुळा म्हणाली. "आता या घरात कुणी कुणाशी खोटं बोलणार नाही. फोन दे इकडे. मीच सांगते तिला, दोन्ही सांगते."

समृद्धीने फोन लावून दिला. मंजुळाने तो कानाला धरला आणि पाठ ताठ करून बसली. वाक्य तिने तयार ठेवलं होतं: मेघना, अबोली गेली, आणि मी पण फार दिवस नाही, तर तू चार दिवस येऊन राहा. एवढंच. यापेक्षा सोपं वाक्य नाही.

"आई," मेघना तिकडून म्हणाली आणि तिने श्वासही घेतला नाही. "मी तुलाच करणार होते. अगं, आज माती टाकून घेतली. लाल माती, दोन हातगाड्या. ह्यांनी कडेने विटा लावल्या, तिरक्या, बागेत लावतात ना तशा. एवढी छान दिसतेय. मी शेजारच्या बाईंना सांगितलं पण, म्हटलं, माझ्या आजीची अबोली येणार आहे. बी झालं ना गं?"

राकेश डोकं वर करून आईकडे बघत होता. समृद्धीही बघत होती.

"आई? ऐकू येतंय का? बी झालं ना?"

मंजुळाने तोंड उघडलं. वाक्य तिथेच होतं, जिभेवर. पलीकडे पोरगी हसत होती आणि मागे जावई कुणाला तरी पाण्याचा पाइप बंद करायला सांगत होता.

"झालं गं," मंजुळा म्हणाली. "यंदा भरपूर झालं. जूनला घेऊन येते."